बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सदर : चाक आणि चूल



जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू झाली नाही की पहिला दोष बॅटरीवर जातो. किल्ली फिरवली की सेल्फ नुसता कट् कट् वाजतो, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, गल्लीतली चार पोरे धक्का मारायला धावतात. गाडी कशीबशी चालू झाली की मालक थेट बॅटरीच्या दुकानात. नवी बॅटरी बसते, महिना-दोन महिने सुखाचे जातात आणि मग पुन्हा एक दिवस सकाळी तेच कट् कट्.

कुर्ल्यातील एका वाचकाने हेच लिहिले आहे. घरची एकच जुनी डिझेल गाडी. सकाळी शाळेची मुले, दिवसा विमानतळाची किंवा बीकेसीची भाडी. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. आता एक मिस्त्री म्हणतो अल्टरनेटर बदला, दुसरा म्हणतो वायरिंग बदला. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली आणि मुलांच्या पालकांची बोलणी वेगळीच. "कोणाचे ऐकावे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर असे, की कोणाचेच नुसते ऐकू नये, आधी मोजावे. काही शे रुपयांना मिळणारा साधा डिजिटल मीटर आणि अर्धा तास वेळ एवढ्या भांडवलावर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा घरीच कळते. दुरुस्ती मिस्त्रीच करेल, पण कशाचे पैसे द्यायचे ते आपल्याला आधी ठाऊक असेल.

पिंप, नळ, पाइप आणि तोटी

चार्जिंगची व्यवस्था समजायला आपल्या घरातले पाणी आठवा. बॅटरी म्हणजे पिंप. अल्टरनेटर म्हणजे पिंप भरणारा नळ. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि वीज तयार करतो. मधल्या वायरी आणि अर्थिंग म्हणजे पाइप. दिवे, वायपर, ब्लोअर, हॉर्न, टेप हा सगळा घरातला वापर.

सकाळी पिंप रिकामे सापडले तर कारणे चारच असू शकतात. नळाला पाणीच आले नाही, पाइप मध्येच तुंबला, पिंपालाच भोक पडले, किंवा रात्रभर कोणती तरी तोटी उघडी राहिली. नवी बॅटरी घेणे म्हणजे पिंप बदलणे. दोष नळाचा, पाइपचा किंवा तोटीचा असेल तर नवे पिंपही चार दिवसांनी रिकामेच सापडणार. एवढेच नव्हे, बॅटरी सतत अर्धी रिकामी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरते आणि ती कायमची निकामी होते. म्हणजे दुसऱ्याच्या दोषाने बॅटरी मरते आणि नाव मात्र बॅटरीचे होते. दीड वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या याचा सरळ अर्थ असा, की बॅटरी सोडून बाकीच्या तिन्ही जागा आधी तपासायला हव्यात.

डिझेल गाडी रोग लपवते

कुर्ल्याला मोटारीची ओळख नव्याने करून द्यायला नको. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथलाच. आज त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे, तरी प्रीमियर रोड हे नाव लोकांच्या तोंडी आहे. इथे बनलेल्या फियाट आणि पद्मिनीने मुंबईची टॅक्सी चालवली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. जुन्या फियाटला डायनामो होता. गाडी हळू चालली की त्याची वीज कमी पडे, म्हणून सिग्नलला उभ्या टॅक्सीचे दिवे मिणमिणत. पुढे अल्टरनेटर आले तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. नव्वदीच्या दशकात पद्मिनीचे १३७ डी हे डिझेल मॉडेलही आले. सुमो, इंडिका, बोलेरो या डिझेल गाड्यांनी कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली.

पेट्रोल आणि जुन्या डिझेलमध्ये एक मोठा फरक आहे. पेट्रोल इंजिनला स्पार्क लागतो, स्पार्कला वीज लागते. बॅटरी पुरती उतरली की पेट्रोल गाडी रस्त्यातच बंद पडते. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात डिझेल दाबानेच पेटते. एकदा सुरू झाले की त्याला फक्त डिझेल चालू-बंद करणाऱ्या लहानशा सोलेनॉइडपुरती वीज पुरते. म्हणून अल्टरनेटर मेला तरी गाडी दिवसभर धावते आणि चालकाला पत्ताही लागत नाही. रोग कळतो तो संध्याकाळी दिवे लावल्यावर, पावसात वायपर चालवल्यावर, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी.

थोडा हिशेब करू. दोन हेडलाइट सुमारे १० अँपिअर घेतात. मागचे-पुढचे छोटे दिवे, वायपर आणि ब्लोअर मिळून आणखी १५. म्हणजे पावसाळी रात्री गाडी सुमारे २५ अँपिअर खाते. ६० अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी भरलेली असेल तर अल्टरनेटरशिवाय जेमतेम तासभर टिकेल.

आता उलटा हिशेब. सकाळी हीटर प्लग सात-आठ सेकंद आणि सेल्फ तीन सेकंद चालला तर करंट मोठा लागतो, पण वेळ थोडा असल्याने एकूण खर्च अर्ध्या अँपिअर-अवरपेक्षाही कमी होतो. चांगला अल्टरनेटर तो काही मिनिटांत भरून काढतो. तेव्हा "छोट्या फेऱ्या मारता म्हणून बॅटरी उतरते" हे कारण कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे मानावे. रात्रंदिवस ट्रॅफिकमध्ये ए.सी. आणि दिवे लावून रखडणारी गाडी सोडली, तर रोज धावणाऱ्या गाडीची बॅटरी नुसत्या छोट्या फेऱ्यांनी उतरत नाही.

मीटर लावण्याआधी

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. ओढणी, पदर, मफलर पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ नेऊ नये. बॅटरीजवळ विडी-सिगारेट, काडी पेटवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी पद्धत काही मिस्त्री अजून वापरतात. ती करू देऊ नका. त्या एका झटक्यात व्होल्टेज उसळते आणि डायोड, रेग्युलेटर जळू शकतात.

आधी डोळ्यांनी पाहा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का? टर्मिनल हाताने हलते का? पाणी घालायच्या बॅटरीत प्लेटा बुडालेल्या आहेत का? पट्टा तडकलेला, तेलकट किंवा ढिला आहे का? दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण एक सेंटिमीटर दबावा. सुरू करताना किंवा दिवे लावताच "चीऽऽ" असा आवाज आला तर पट्टा घसरतो आहे. पण तो वीणेच्या तारेसारखा ताणूही नये, बेअरिंग जातात. बुरशी गरम पाण्याने धुवावी, बॅटरीच्या झाकणाच्या आत ते जाऊ देऊ नये. टर्मिनल घासून घट्ट करावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. कितीतरी गाड्यांचे दुखणे इथेच संपते.

पहिले मोजमाप : पिंप किती भरले आहे?

मीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा. लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी किल्ली लावण्याआधी मोजावे.

१२.६ किंवा जास्त : बॅटरी पूर्ण भरलेली.
१२.४ : सुमारे पाऊण भरलेली.
१२.२ : निम्मी.
१२.० किंवा कमी : जवळजवळ रिकामी.

मग घरच्या दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. भरलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाऊ लागला तर बॅटरी थकली असण्याची शक्यता मोठी. आकडा १२ च्या आसपासच राहिला आणि सेल्फ मात्र फिरला नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. टर्मिनल, जाड वायर किंवा सेल्फ तपासायला सांगा.

दुसरे मोजमाप : नळाला पाणी येते का?

इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेवावा आणि पुन्हा बॅटरीवरच मोजावे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. इंजिन खूप तापलेले असेल तर थोडा खाली आला तरी चालेल. आता हेडलाइट आणि ब्लोअर लावावा. चांगल्या अल्टरनेटरचा आकडा तरीही १३ च्या वरच राहतो.

आकडा इंजिन बंद असतानाचाच राहिला आणि हळूहळू उतरू लागला, तर चार्जिंग होत नाही. दिवे लावताच १३ च्या खाली घसरला, तर अल्टरनेटर कमजोर आहे किंवा पट्टा घसरतो. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, ज्याला आपले मिस्त्री कटआऊट म्हणतात, तो बिघडला आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी वारंवार आटते, सल्फरसारखा वास येतो आणि बल्ब उडतात. ही गाडी तशीच चालवू नये.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवाही बोलतो. किल्ली ऑन केली, इंजिन बंद, तर तो लागलाच पाहिजे. इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागे करणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. किल्ली ऑन करूनही तो लागत नसेल तर बल्ब उडालेला किंवा त्याची बारीक वायर तुटलेली असू शकते, आणि तेवढ्याने चार्जिंग बंद पडते. काही रुपयांच्या बल्बसाठी पूर्ण अल्टरनेटर बदलल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांनाही ठाऊक असतात. इंजिन चालू असताना दिवा मंद मंद जळत राहिला तर डायोडवर संशय घ्यावा. तेव्हा मीटर ए.सी. व्होल्टवर फिरवून बॅटरीवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर डायोड गेल्याची ती मोठी खूण.

तिसरे मोजमाप : पाइप तुंबला आहे का?

अल्टरनेटर चौदा व्होल्ट देतो, पण बॅटरीपर्यंत तेरा पोहोचतात, असेही होते. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटाला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावावी. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. मग एक तार अल्टरनेटरच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावावी. इथे ०.२ च्या आत हवा. जास्त आला तर वीज वाटेत गळते आहे : गंजलेला लग, अर्धी तुटलेली वायर, इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी खराब अर्थिंग पट्टी.

कुर्ल्यात हा दोष जास्त दिसावा याला कारण आहे. मिठी नदी शेजारी आणि पावसाळा दरवर्षीचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपल्या वस्त्यांत किती गाड्या बुडाल्या ते सर्वांनी पाहिले आहे. एवढा पूर रोज येत नाही, पण गुडघाभर पाणी येते आणि अल्टरनेटर बऱ्याच गाड्यांत खालच्या बाजूला असतो. पाण्यातून गेलेल्या गाडीचे अर्थिंग आणि अल्टरनेटरची जोडणी पावसाळ्यानंतर एकदा खोलून, घासून घट्ट करावी.

चौथे मोजमाप : रात्री तोटी उघडी राहते का?

पिंप भरते, नळ वाहतो, पाइप साफ आहे, तरी सकाळी बॅटरी रिकामी. मग रात्री काही तरी चालू राहते. डिकीतला दिवा, टेप, नंतर बसवलेला जी.पी.एस., मोबाइल चार्जर, अडकलेला रिले किंवा अल्टरनेटरचाच गळका डायोड. सगळे बंद करून, दारे लावून, बॅटरीची मायनस वायर काढावी. मीटरची तार १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर त्या वायर आणि मायनस टर्मिनलच्या मध्ये लावावा. असा मीटर लावलेला असताना सेल्फ मुळीच मारू नये, हीटरही लावू नये, मीटर जळेल. जुन्या गाडीत हा आकडा ०.०५ अँपिअरच्या आसपास किंवा कमी असावा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा पडतो, चोर त्या वाटेवर आहे. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर मायनस वायर पुन्हा सुटी करावी, अल्टरनेटरची जाड वायर काढून तिचे टोक कापडात गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे.

ब्रेकचा प्रश्न : इथे हयगय नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुमो, इंडिका, बोलेरो अशा जुन्या डिझेल गाड्यांच्या अनेक मॉडेलांत अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. ब्रेक हलका लागतो तो याच पंपाच्या जोरावर. पट्टा तुटला की नुसते चार्जिंग जात नाही, पंपही थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक नीट लागेल, मग पेडल दगडासारखे कडक होईल. अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो, त्यामुळे इंजिन तापू लागते.

म्हणून चालत्या गाडीत लाल दिवा लागला आणि ब्रेक कडक वाटला, तर "घरापर्यंत जाऊ" म्हणू नये. ब्रेक वारंवार दाबून व्हॅक्यूम संपवू नये. गिअर उतरवत, जोराने एकसारखा ब्रेक दाबून, गरज पडल्यास हँडब्रेकची मदत घेऊन कडेला थांबावे. गाडीत शाळेची मुले असतील तर हे दुप्पट लक्षात ठेवावे. जुना पण चांगला एक पट्टा डिकीत नेहमी असावा.

या पंपाला इंजिनचे ऑइल जाते. त्याचे सील गेले की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरते, कार्बन ब्रश तेलकट होतात, चार्जिंग कमी होते. नुसते ब्रश बदलले तर दोन महिन्यांत तोच त्रास परत येतो. अल्टरनेटरखाली काळे ऑइल दिसले तर ब्रशबरोबर सीलही बदलून घ्यावे.

सी.एस.टी. रोडला जाण्याआधी

अल्टरनेटर खराब ठरला तरी तो पूर्ण बदलायलाच हवा असे नाही. ब्रश, रेग्युलेटर, बेअरिंग, डायोड प्लेट हे भाग वेगवेगळे मिळतात आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो. रोटर किंवा वाइंडिंगच जळले असेल तर दुसरा अल्टरनेटर घेणे परवडते. आपल्या सी.एस.टी. रोडवर जुना माल घेताना पाच गोष्टी पाहाव्यात. लेबलवर १२ व्होल्ट आहे ना, ट्रकचा २४ व्होल्टचा तर नाही? अँपिअर आपल्या जुन्याइतके आहेत ना? पुलीच्या खाचा आपल्या पट्ट्याच्या आहेत ना? हाताने फिरवल्यावर खरखर येत नाही ना? आणि मागे व्हॅक्यूम पंप असेल तर तो आपल्याच मॉडेलचा आहे ना? पैसे देण्याआधी मशीनवर फिरवून आकडा दाखवायला सांगावे. जुना अल्टरनेटर बरोबर न्यावा, नुसत्या तोंडी वर्णनावर वस्तू आणू नये.

घरातल्यांसाठी

उतरलेली बॅटरी झोपायच्या खोलीत चार्जरला लावू नये. दहा बाय बाराच्या खोलीत, दारे-खिडक्या बंद, शेजारी पेटता गॅस आणि चार्ज होणारी बॅटरी हे धोक्याचे आहे. ती मोकळ्या हवेत, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यात गेले तर धूत धूत दवाखाना गाठावा. मेलेली बॅटरी फोडून शिसे काढू नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमचे नुकसान करते. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानात जुनीचे पैसेही वजा होतात.

मीटर धरायला घरातील दहावीच्या मुलीला किंवा मुलाला बोलवा. शाळेत व्होल्ट, अँपिअर, रोध हे पाठ केलेलेच असतात, ते इथे हाताला लागतात. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक मोटर व्हेइकल हे ट्रेड आहेत. ज्या पोरीला हा मीटर आवडला तिला त्या दाराची माहिती द्यायला विसरू नका.

शेवटी, एका वहीत गाडीचे पान करा. तारीख, सकाळचा आकडा, इंजिन चालू असतानाचा आकडा, दिवे लावल्यावरचा आकडा. महिन्यातून एकदा तीनच ओळी. मिस्त्रीकडे जाल तेव्हा "बॅटरी गेली वाटते" असे न सांगता "सकाळी १२.१, चालू असताना १२.९, दिवे लावल्यावर १२.४" असे सांगा. आकडे समोर असले की मिस्त्रीलाही नेमके ठिकाण कळते आणि नको ती वस्तू गळ्यात पडत नाही.

पुढील अंकात : पावसाळ्याआधी ब्रेक आणि टायर यांची तपासणी.